पाटण्याचा शिलालेख कोणत्या विषयात येतो?

पत्र

ताई, मी चाळीसगाव तालुक्यातली. बारावी सायन्स झाली, गणितात ९४ गुण पडले. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकले. माझ्याकडे दोन वह्या आहेत, एक गणिताची आणि एक कवितांची. मला कॉलेजात गणित घ्यायचंय आणि मराठी साहित्यही सोडायचं नाही. बाबा म्हणतात, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मामांचं म्हणणं, मुलींना फी माफ आहे तर सरळ इंजिनिअरिंगला जा. गणिताचे सर म्हणाले, कविता हा रिकाम्या वेळचा उद्योग आहे. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, तुझ्या कवितेत हिशेब फार दिसतो. मला भीती वाटते ती वेगळीच. दोन्ही घेतलं आणि दोन्हीत अर्धीच राहिले तर? सोबत भुजंगप्रयातातल्या चार ओळी पाठवते. त्या कशा आहेत तेही सांगा.
– दोन वह्यांची मुलगी

उत्तर

प्रिय मुली,

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. गणित मेजर, म्हणजे मुख्य विषय घे आणि मराठी साहित्य मायनर, म्हणजे जोडविषय घे. हे मी आवडीवरून ठरवलेलं नाही, दारांवरून ठरवलंय. बहुतेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेच्या पदवीधराला मराठीचं एम.ए. करता येतं. गणिताच्या एम.एस्सी.ला मात्र पदवीला गणित असावं लागतं. म्हणजे गणिताकडून साहित्याकडे जायची वाट पुढेही उघडी राहते, पण साहित्याकडून गणिताकडे परतायची वाट जवळजवळ बंद होते. शिवाय गणिताला जिना आहे. रिअल अ‍ॅनालिसिसची पहिली पायरी निसटली की तिसरीवर पाय ठरत नाही, आणि ती पायरी घरी एकटीने शोधणं फार जड जातं. फळ्यासमोर उभं राहून चुकावं लागतं आणि "हे कशावरून?" असं विचारणारं कुणीतरी समोर लागतं. साहित्यालाही गुरू लागतो, नाही असं नाही. पण विसाव्या वर्षी वाचलेली कादंबरी चाळिशीत पुन्हा उघडली तर ती जास्त देते. गणिताच्या बाबतीत माझा अनुभव तसा नाही. तिथे सुटलेली वर्षं फार महाग पडतात.

मी एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. मराठीचं एम.ए. केलं ते बेचाळिसाव्या वर्षी, बाहेरून परीक्षा देऊन. मी शिकत होते तेव्हा दोन्ही घेऊ का, असं विचारायचीही सोय नव्हती. एकदा माझ्या वहीखाली कवितासंग्रह दिसला तेव्हा एका प्राध्यापकांनी भर वर्गात म्हटलं होतं, ही मुलगी दोन्हीकडे नापास होणार. नापास झाले नाही. पण ते वाक्य पुढे वीस वर्षं माझ्याबरोबर राहिलं आणि तेवढी वर्षं मी कविता लपवून वाचल्या. म्हणून तुझ्या सरांच्या वाक्याला उत्तर देणं मला भाग आहे.

तुझ्या तालुक्यातलं पाटणं तुला माहीत असणारच. पाटणादेवीला तू दर वर्षी जातही असशील. लीलावती लिहिणारे गणितज्ञ भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये तिथे एक मठ स्थापन केला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, हा त्या मठाचा हेतू. ही हकीकत तिथल्या शिलालेखात कोरलेली आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख १९व्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. गणिताच्या इतिहासात या शिळेला मोठं मोल आहे, कारण एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी केलेली सोय तिच्यावर लिहून ठेवलेली आहे. आता दुसरी गोष्ट ऐक. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्या सांगायची वेळ आली तेव्हा भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पाटण्याच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या उत्पन्नातला वाटा मठाला दिला, हे लोकांना कळायला हवं होतं, म्हणून ते लोकांच्या भाषेत कोरलं. त्यामुळे जुन्या मराठीचा अभ्यास करणारेही याच शिळेपाशी येतात. तू मराठी शिकशील तेव्हा ज्ञानेश्वरीच्या आधीचं मराठी गद्य म्हणून ती तुला भेटेल, आणि गणिताचा इतिहास वाचशील तेव्हाही तीच भेटेल. तुझ्या घरापासून एसटीने जाता येईल इतक्या अंतरावर तुझे दोन्ही विषय एका दगडावर आहेत. कविता रिकाम्या वेळेसाठी, असं म्हणणाऱ्या सरांना वाद न घालता एवढंच सांग.

आणि लीलावतीबद्दलही सांग. ११५० च्या सुमारास लिहिलेला हा अंकगणिताचा ग्रंथ सगळा पद्यात आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात छंदांवरचं गणितही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. गायत्री छंदाच्या सहा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होतील, असा प्रश्न भास्कराचार्य घालतात. एकच गुरू असलेल्या सहा, दोन गुरूंच्या पंधरा, तीन गुरूंच्या वीस, मग पुन्हा पंधरा, सहा आणि शेवटी सगळे गुरू असलेली एक. सगळे लघु असलेली एक धरली की चौसष्ट. मग ते पूर्ण चोवीस अक्षरांवर जातात आणि उत्तर येतं १,६७,७७,२१६. बारावीत 'कॉम्बिनेशन्स'च्या धड्यात तू हेच केलंस, फक्त तिथे टोपलीतले लाल-निळे चेंडू होते.

एक गंमत तू स्वतः करून पाहा. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? मोजलंस तर पाच. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहा मात्रांची तेरा प्रकारे. प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज का होतो, याची सिद्धता दोन ओळींत मावते. ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली ओळ उरते, गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. तिसरी शक्यताच नाही. हा नियम विरहांक या जुन्या छंदशास्त्रकाराकडे आढळतो, आणि १२व्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी तो मांडला. तेही पाटणचेच, पण गुजरातेतल्या अणहिलवाड पाटणचे. आज ही संख्यामाला ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या इटलीतल्या फिबोनाचीचा, सशांच्या जोड्यांचं कोडं असलेला ग्रंथ १२०२ चा आहे. कविता मोजणाऱ्या लोकांना ही संख्यामाला त्याच्याआधी ठाऊक होती.

एवढं सांगितल्यावर मात्र मला तुला अडवायचंय. हे वाचून "गणित म्हणजेच काव्य" असं म्हणत फिरू नकोस. गॅदरिंगच्या भाषणात ते छान वाटतं, अभ्यासाला बसल्यावर कामाला येत नाही. हे दोन वेगळे विषय आहेत आणि तुझ्याकडून वेगळ्या गोष्टी मागणार आहेत. हे वाक्य घे: "वर्गातल्या प्रत्येक मुलीने एक कविता पाठ केली." सगळ्यांनी मिळून एकच कविता, की प्रत्येकीने आपली आपली निराळी? मराठी वाक्य दोन्ही अर्थांना वाव देतं. आता दुसऱ्या वर्षाच्या अ‍ॅनालिसिसमध्ये तुला सांगतील की फलन सलग आहे, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी, एप्सिलॉन (उत्तरात चालणारा कितीही लहान फरक) दिला की डेल्टा (त्यासाठी बिंदूपासून ठेवायचं अंतर) सापडतो. मग विचारतील, तो डेल्टा प्रत्येक बिंदूला निराळा चालेल, की सगळ्या बिंदूंना मिळून एकच पुरला पाहिजे? पहिलं 'कंटिन्युअस', दुसरं 'युनिफॉर्मली कंटिन्युअस'. फरक तोच, मुलीगणिक एक कविता की सगळ्या मुलींची एक. माझ्या वर्गात दर वर्षी मुलं इथेच अडखळायची, आणि ज्यांना वाक्याचे दोन अर्थ ऐकू यायचे ती लवकर सावरायची. साहित्य शिकलेला कान गणितात उपयोगी पडतो तो असा. पण पुढचं पाहा. गणितात ही संदिग्धता पुढच्या ओळीवर जाण्याआधी मिटवावीच लागते, नाहीतर सिद्धता कोसळते. चांगल्या कवितेत ती कित्येकदा मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती मिटवायची घाई करणारा वाचक कविता गमावतो. एकाच वाक्यापाशी थांबायचं, पण थांबून दोन उलटी कामं करायची. हे सवयीने जमतं, पण दोन्ही वर्गांत खरोखर बसलं तरच. म्हणून तुझ्या दोन वह्या दोनच राहू देत.

तुझ्या ९४ गुणांबद्दल थोडं कडू बोलते. बारावीचं गणित बहुतांशी रीत बसवण्याचं असतं. इंटिग्रेशनचा प्रकार ओळखला की उत्तर येतं. कॉलेजात विचारतात, हे उत्तर अस्तित्वात आहे हे कशावरून? पहिल्या सहामाहीत तुला वाटेल की आपल्याला गणित येतच नाही. हुशार मुलीही माझ्यासमोर रडल्या आहेत. तेव्हा 'कवितेमुळे माझं गणित बिघडलं' असा निष्कर्ष काढू नकोस, कारण ज्यांनी कधी कविता वाचली नाही त्यांचंही तेव्हा असंच होतं. व्याख्या पाठ कर, अगदी स्तोत्रासारखी, आणि मग प्रत्येक शब्द काढून बघ, तो नसेल तर काय बिघडतं. मराठीच्या वर्गातही असाच एक धक्का बसेल. कविता आवडली, मन भरून आलं, एवढ्यावर तिथे गुण मिळत नाहीत. भाषाविज्ञान, साहित्यविचार, महानुभावांचं गद्य, संतांचे पाठभेद हे सगळं चिकाटीचं काम आहे. जी मुलं आराम म्हणून मराठी घेतात त्यांचे हाल मी पाहिलेत.

अर्धी राहीन का, ही तुझी भीती. याला मी नुसता धीर देणार नाही, एक माणूस दाखवते. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातले. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे पंडित. मुलगा हार्वर्डमध्ये शिकला, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये गेला. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधली अंतरं काढण्याचं एक सूत्र दिलं. ते आजही त्यांच्या नावाने ओळखलं जातं. याच माणसाने संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतकांची, म्हणजे शंभर-शंभर श्लोकांच्या संग्रहांची, शेकडो हस्तलिखितं ताडून १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली, आणि १९५७ मध्ये वा. वि. गोखल्यांबरोबर विद्याकराचा सुभाषितसंग्रह संपादित केला. कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहून घुसला, हे ठरवताना हस्तलिखितांची कुळं लावावी लागतात, आणि ते काम गणित्याच्या शिस्तीने झालं. पण मी हेही सांगेन की आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी रीमानच्या गृहीतकाची, म्हणजे गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नाची, सिद्धता सापडल्याचा दावा केला आणि तो टिकला नाही. भर्तृहरीवर केलेल्या कामाची पुण्याई तिथे चालली नाही. गणित तुझ्या दुसऱ्या वहीकडे बघून सूट देणार नाही, आणि साहित्यही देणार नाही. अर्धं राहायचं नसेल तर प्रत्येक ठिकाणी तिथल्याच मापाने मोजून घ्यायची तयारी ठेव.

आता बाबा. त्यांची म्हण मला खोटी वाटत नाही. अर्धवट सोडलेल्या कामांच्या चिंध्या होतात हे त्यांनी आयुष्यात पाहिलं असेल, म्हणून ते बोलतात. त्यांच्याशी भांडू नकोस, हिशेब मांड. राज्यातल्या नव्या पदवीच्या आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट आहेत. त्यात मायनरला साधारण १८ ते २० असतात, आणि मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलंही घेता येतं. शिवाय १० ते १२ क्रेडिटचं ओपन इलेक्टिव्ह असतं, आणि ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. म्हणजे गणिताच्या मुलीला काही ना काही दुसरीकडचं शिकावंच लागणार आहे. मग ते विखुरलेलं शिकण्यापेक्षा मराठीत एकवटलेलं बरं, हे बाबांना पटेल. चिंध्या टाळायचा मार्ग त्यातच आहे. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी दिली आहे, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून. पण पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नकोस. एकदा अ‍ॅनालिसिस अंगवळणी पडू दे.

कागदावर असलेलं सगळं प्रत्येक कॉलेजात असतंच असं नाही. प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन विचार: सायन्सच्या मुलांना मराठी मायनर मिळतं का, आणि त्याचा तास फिजिक्सच्या प्रॅक्टिकलवर येतो का. वेळापत्रकाचा कागद मागून घे, नुसत्या तोंडी हो-नाहीवर परतू नकोस. जमत नसेल तर मराठी ओपन इलेक्टिव्हमध्ये घे आणि मराठी विभागातल्या कुणा प्राध्यापकांना मागच्या बाकावर बसायची परवानगी विचार. मी शिकवत असताना अशी परवानगी मागायला आलेल्या मुलाला मी कधी नाही म्हटलं नाही, आणि बहुतेक शिक्षक म्हणणार नाहीत.

मामांना थोडक्यात सांग की फीमाफी चांगली आहे, पण चार वर्षं तुला काढायची आहेत. तुला यंत्रं आवडत असती तर तू पत्रात तसं लिहिलं असतंस.

पोटापाण्याचं तू विचारलं नाहीस, पण बाबांच्या मनात ते आहेच. गणिताच्या पदवीवर शिक्षण, संख्याशास्त्र, विमा, बँक या वाटा आहेत. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांत गणितही आहे आणि मराठी साहित्यही. पण मला ज्या कामासाठी तुझ्यासारखी मुलगी हवी आहे ते वेगळं आहे. १९१३ मध्ये रशियात मार्कोव्ह या गणितज्ञाने पुश्किनच्या एका पद्य-कादंबरीतली पहिली २०,००० अक्षरं घेतली आणि स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं, स्वरामागून स्वर किती वेळा, हे मोजलं. संभाव्यतेच्या ज्या शाखेचा पाया त्याने आधीच घातला होता तिचा हा गाजलेला वापर, आणि आज मोबाइल पुढचा शब्द सुचवतो त्या विचाराचं एक मूळ तिथे आहे. मराठीसाठी असं काम करायचं तर विभक्ती आणि सामान्यरूप कळणारी आणि मॅट्रिक्सला न घाबरणारी अशी एकच व्यक्ती लागते.

दुसरं उदाहरण अगदी घरचं आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली आणि मोठा गदारोळ झाला. त्या विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. मला 'त्रेसष्ट' हा शब्द प्राणाहून प्रिय आहे, तो जावा असं मला कधीच वाटणार नाही. पण त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत, कारण कानाला तीन आधी येतात आणि हाताला सहा आधी लिहायचे असतात. यावर सहा वर्षांच्या पोराला त्रास न होता आणि शब्दही न गमावता तोडगा काढणं हे गणिताचंही काम आहे आणि भाषेचंही. त्या वेळी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लोक बोलले. दोन्ही जाणून बोलणारे थोडे होते.

मॅडमचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तुझ्या चार ओळी मी वाचल्या. तुझं विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या रचायच्या, आणि ओळ कुठे लांबली हे बोटांनी न मोजता त्यांच्या कानाला कळायचं. तू अजून बोटांनी मोजतेस, आणि ते ऐकू येतं. दुसऱ्या ओळीतलं 'पहा' केवळ पादपूरणाला आलंय, तिथे कुणाला काही पाहायला सांगायचंच नाहीये. शेवटच्या ओळीतली विहिरीची पायरी मला फार आवडली. पहिल्या ओळीतला 'अथांग' काढलास तरी ती पायरी खोल वाटेल. आणि भुजंगप्रयातात चार 'य' गण, बारा अक्षरं. तिसऱ्या ओळीत तुझी तेरा झालीत. कुठलं अक्षर जास्तीचं आहे ते मी सांगत नाही. आधी मोठ्याने म्हणून शोध, मग गण पाडून पाहा, आणि दोन्हींचं उत्तर एकच आलं का ते मला कळव.

तुझी,
ताई